शिट्टी मारणारा पंख

“माझ्या पंखात डास जरी अडकलेला सापडला, तरी मिशी उतरवीन!”

पडदेकाकांनी हे वाक्य शनिवारी सकाळी विमानाच्या हँगरच्या दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने टाकलं. काकांना मिशी नव्हतीच, त्यामुळे पैज तशी बिनधोक होती. पण एवढं बघायला तिथे वेळ कुणाला होता? दुसऱ्या दिवशी विमानाला उडायची परवानगी द्यायची की नाही, ते ठरवायला तपासनीस बाई येणार होत्या आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

काकांनी उभा जन्म पडदे शिवण्यात घालवला. दुकान बंद करून घरी बसले आणि घरात इतकी लुडबुड करायला लागले, की काकूंनीच त्यांना धरून या हँगरमध्ये आणून सोडलं. इथे काही रिकामटेकडी मंडळी (ती स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेत) एका जुन्या लष्करी विमानाला पुन्हा उडवायच्या खटपटीत होती. एकावर एक असे पंख, पुढेमागे बसायच्या दोन उघड्या जागा, एके काळी शिकाऊ वैमानिकांना धडे देणारं विमान. सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणत. तिचे पंख म्हणजे लाकडी फासळ्या, त्यांवर ताणून शिवलेलं कापड आणि कापडावर चकचकीत लेप. ‘कापड’ हा शब्द काकांच्या कानावर पडला मात्र, त्यांच्या अंगात वारंच संचारलं! घरच्या खिडक्यांना मात्र अजून लग्नात आलेल्या चादरी टांगलेल्या होत्या. काकू दर वर्षी नव्या पडद्यांची आठवण करत आणि काका दर वर्षी “हो, हो” म्हणत. शिवाय पडदे लावायचे म्हणजे शिडी आली, आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर काकांचे डोळे फिरत. दुकान चालू होतं तोवर गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर काकू चढत आणि काका खालून “डावीकडे! जरा डावीकडे!” करत.

आता मुद्द्याची गोष्ट. महिनाअखेरीपर्यंत म्हातारी उडाली तर उडाली. नाहीतर नगरपालिका तिला मोठ्या चौकात खांबावर चढवून ठेवणार होती. शोभेला! म्हणजे कबुतरांची कायमची सोय. आणि उडाली तर वैमानिक म्हणून पुढच्या जागेवर कोण बसणार होतं? खुद्द काकांचे जावई! एरवी ते शेतांवर औषध फवारायचं विमान चालवत. काकू त्यांच्याकडे कौतुकाने बघत आणि काका काळजीने.

हँगरचे कायदे फोरमनचे. हा गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झाला तरी त्याच्यातून कारखाना निवृत्त झालेला नव्हता. कायदा पहिला: भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर लटकलं पाहिजे. एक जरी आकृती उघडी दिसली, तरी कापड शिवायचं नाही. कायदा दुसरा: विमानात हात घालण्याआधी चष्मा, घड्याळ, किल्ल्या, अंगठ्या, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. कारण पंखात राहिलेली एक किल्ली उडताना घरंगळत तारांच्या कप्पीत जाऊन बसली, की वैमानिकाने दांडी कितीही ओढली तरी विमान ऐकत नाही. पुढचं सांगायलाच नको.

काका हा डबा देवासारखा पाळत. पण डब्यात काय टाकायचं, तर अंगावरचं आणि खिशातलं. कानातलं यंत्र त्यांच्या हिशेबात कानाचाच भाग होतं.

हे श्रवणयंत्र तिसरं. पहिलं सदऱ्याबरोबर धुण्यात गेलं. दुसरं शेजारच्या कुत्र्याने खाल्लं, असं काकांचं म्हणणं. कुत्रा बिचारा अजून ठणठणीत आहे. तिसरं जावयांनी आणून दिलं. लेकीने बजावलं, “बाबा, हे उशीखाली ठेवू नका हं. कानाबाहेर कुठे दाबलं गेलं, की शिट्टी मारत बसतं!” आणि काकूंनी शेवटचं सांगितलं, “अहो, हे जर हरवलंत ना, तर मी तुमच्याशी बोलणं बंद करीन!” मग यंत्र लागेल कशाला, असं काका म्हणाले. पण मनात!

यंत्र आल्यापासून मात्र त्यांनी हँगरभर मिरवलं होतं. “मुंगी भिंत चढताना दमली, तर तिला धाप लागलेली ऐकू येते मला!”

तर शनिवारी डाव्या बाजूच्या खालच्या पंखाच्या वरच्या कापडाला ताटाएवढं शेवटचं भोक शिवायचं राहिलं होतं. आतली तार ताणून झाली होती. फोरमनने फळी पाहिली. सगळी हत्यारं जागेवर. काकांनी चष्मा डब्यात टाकला, ‘एकदा बघून घेतो’ म्हणत अख्खं डोकं पंखात घातलं, आत ‘डास नाही’ याची खात्री केली आणि डोकं बाहेर काढताना कापडाच्या कडेला कान घासला. इतकंच. मग ते जमिनीवर उभे, पंखावर वाकलेले आणि काकू पंखाखाली सतरंजीवर उताण्या, अशी शिलाई सुरू झाली. ठिगळ खालच्या कापडासकट फासळीला बांधायचं, म्हणून दोघांमध्ये एक लांब सुई. काका वरून खाली खुपसत, काकू खालून वर पाठवत आणि पाठवताना “आली!” म्हणून ओरडत. त्या दिवशी काकांच्या बोटाला चारपाच वेळा सुई टोचली. काकू न ओरडता सुई पाठवतात, म्हणजे त्या रागावल्या आहेत, असा काकांनी अर्थ काढला. घरी जातानाही काकू गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. काकांना ती शांतता फारच आवडली.

रात्री दमून ते तसेच झोपले. रविवारी सकाळी कानात यंत्र घालायला त्यांनी सवयीने यंत्राची डबी उघडली. डबी रिकामी!

काकांचं धाबं दणाणलं. त्यांनी उशी झटकली, साबणाची ताटली पाहिली, चपला उलट्या केल्या, शेजारच्या कुत्र्याकडेसुद्धा एकदा निरखून पाहिलं. यंत्र नाही. समोर काकू तोंड हलवत होत्या. आवाज काही नाही. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की काल काकू गप्प नव्हत्याच!

आता आज, नेमक्या आजच्या दिवशी हे सांगायचं? जावयांना? काकूंना? छे! एकदा तपासणी उरकू दे, मग गाडीत, हँगरमध्ये कुठेतरी सापडेलच. रिकामा कान दिसू नये म्हणून त्यांनी भर उन्हाळ्यात कानटोपी चढवली आणि एक धोरण ठरवलं. कुणी काहीही बोललं, की हसायचं आणि “हो, हो” म्हणायचं. याच दोन शब्दांवर त्यांनी चाळीस वर्षं संसार केला होता.

हँगरमध्ये पाय ठेवताच फोरमन धावत आला आणि हातवारे करत काहीतरी बोलला. “हो, हो!” काका म्हणाले. फोरमनने त्यांना मिठीच मारली. मागून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना घाम फुटला, पण तो कानटोपीने असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

तपासनीस बाई आल्या. करड्या केसांच्या, ओठ घट्ट मिटलेल्या. त्यांनी चाकं पाहिली, पाती पाहिली, तारा वाजवून पाहिल्या, आणि अचानक मान वर केली. सगळ्यांनीच मान वर केली. फक्त काका मंद हसत उभे होते.

“ही शिट्टी कसली?” बाई म्हणाल्या.

बारीक, चिवट शिट्टी. यायची, थांबायची, पुन्हा यायची. उंच पत्र्याखाली ती घुमायची, त्यामुळे कुठून येते काही कळेना.

“वारा असेल, मॅडम,” फोरमन म्हणाला.

“दारं बंद आहेत.”

“मग... चिमणी?”

“विमानात चिमणी ठेवता तुम्ही?”

फोरमनचा चेहरा उतरला. तेवढ्यात जावयांना सुचलं आणि त्यांनी चुटकी वाजवली. “आपले बाबा आहेत ना! त्यांना मुंगीची धापसुद्धा ऐकू येते! बाबा, तुम्हीच सांगा, आवाज कुठून येतोय?”

सगळं हँगर आपल्याकडे आशेने बघतंय, एवढं काकांना दिसलं. कशासाठी, ते देव जाणे. “हो, हो!” काका म्हणाले.

“कुठून पण?”

काहीतरी दाखवायला हवं, असा एकूण रंग दिसत होता. काकांनी शेपटीकडे बोट केलं.

झालं! दोघं शेपटीकडे धावले. झाकण उघडलं, आत हात घातला, बॅटरी मारली. काही नाही. शिट्टी चालूच. सगळे पुन्हा काकांकडे. काकांनी लोकांचे चेहरे वाचायचा प्रयत्न केला. आपण शेपटी दाखवली आणि या लोकांनी ती उघडली, याचा अर्थ काय? त्यांनी घाबरत घाबरत नाकाकडे बोट केलं. लगेच इंजिनावरचा पत्रा उतरवला! मग पुढची जागा दाखवली, तर जागाच उचकटून बाहेर आली! काका जिकडे बोट करतील तिकडे म्हातारीचे कपडे उतरत होते. तपासनीस बाईंचे ओठ इतके आत गेले होते, की दिसेनासे झाले.

शेवटी काकूंनीच काकांना दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. चाळीस वर्षांची बायको ती! त्या बोलल्या नाहीत. त्यांनी आधी कानाला बोट लावलं, मग विमानाकडे हात केला आणि मग ओठांचा चंबू करून चक्क शिट्टी वाजवून दाखवली.

शिट्टी! विमानातून!

काकांना आधी लेकीचं वाक्य आठवलं. मग आठवलं पंखात घातलेलं डोकं. मग घासलेला कान. मग न ऐकू आलेलं “आली!” एकेक टाका उसवत गेला. डास नाही, काही नाही, पंखात त्यांचा स्वतःचा कान होता!

काका जीव मुठीत धरून डाव्या पंखापाशी गेले. काय करावं ते सुचेना. सांगावं, तर बाई नापास करणार, म्हातारी खांबावर जाणार आणि खाली पाटी लागणार, ‘पडदेकाकांच्या कृपेने’. या सगळ्या माणसांनी इतके रविवार इथे हात काळे केले ते कशासाठी, कबुतरांसाठी? त्यांनी हताश होऊन पंखावर एक थाप मारली.

आणि शिट्टी थांबली!

“थांबली! थांबली!” हँगरभर जल्लोष उसळला. काकांना तो ऐकू आला नाही, पण नाचणारे पाय दिसले. फोरमनने त्यांचे दोन्ही हात धरून हलवले. “काका, तुम्ही कान नाही, तुम्ही डॉक्टर आहात!” बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. शिट्टी नाही. उचकटलेलं सगळं जागेवर बसवायला लावलं. तरी शिट्टी नाही. त्यांनी नाइलाजाने मान डोलावली. जावई हसतहसत टोपी चढवायला लागले.

सुटलो, असं काकांना वाटलं. नुसतं गप्प बसायचं. आपल्याला गप्प बसणं काय अवघड आहे? सुपारीएवढं यंत्र, ते काय करणार? कुठल्यातरी फासळीच्या बुडाशी निजून राहील.

आणि नाही राहिलं तर? घरंगळत कप्पीत गेलं तर? जावई दांडी ओढतायत, म्हातारी ऐकत नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि काकांना दरदरून घाम सुटला. मग लेकीचा चेहरा दिसला. या घामाचं खापर मात्र त्यांना कानटोपीवर फोडता येईना. जावई चाकावर पाय ठेवून वर चढत होते. काकांनी पुढे होऊन त्यांची बाही पकडली, त्यांना खाली ओढलं, आणि ही गोष्ट फक्त घरातल्या घरात राहावी म्हणून त्यांच्या कानाला तोंड लावून अगदी हळू कुजबुजले.

पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याची कुजबुज किती मोठी, हे त्याला कोण सांगणार?

“जावईबापू!! माझं कानातलं यंत्र पंखात शिवलं गेलंय!! तेच शिट्टी मारत होतं!! तपासनीस बाईंना कळू देऊ नका, त्या खडूस दिसतात!!”

पत्र्याखाली बसलेले पारवे उडाले. जावयांनी कान धरला. काका मागे वळले तर समोर बाई, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की कुजबुज थोडी चढ्या सुरात झाली असावी. काकूंनी पदरात तोंड लपवलं. रडतायत की हसतायत, ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी फक्त पंखाकडे बोट केलं आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली.

आपण शिवलेलं आपणच कापायचं! काकांनी कात्री घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, हे लपवायचं भानही त्यांना राहिलं नाही. कापड टरटरत फाटलं. काकांचा पंजा आत जाईना, म्हणून काकूंनी हात घातला. कोपरापर्यंत गेला. चाचपडला. बाहेर आला, तर मुठीत यंत्र! आणि मुठीत येताच ते शिट्टी मारायला लागलं.

कुणाला हसायचं धैर्य होईना. तेवढ्यात काकूंनी भुवया आक्रसल्या. “थांबा हो. आत अजून काहीतरी लागतंय.”

हात पुन्हा आत गेला. या वेळी तो बराच वेळ कशाशी तरी झगडला आणि बाहेर आला तेव्हा त्यात वीतभर लांबीचा, दणकट पाना होता. “तारेच्या चाकाला अगदी टेकून बसला होता,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. पान्याच्या आकृतीवर पाना लटकलेला होता. नवा कोरा! मग सगळ्यांनी फोरमनकडे पाहिलं. कायदे करणारा फोरमन आपल्या बुटांकडे बघत होता.

“मला वाटलं, घरीच कुठेतरी राहिला असेल,” तो पुटपुटला. “आकृती उघडी दिसली तर सगळे मलाच बोलतील, म्हणून मी आपला... दुसरा आणून लावला.”

काकांनी एव्हाना यंत्र पुसून कानात घातलं होतं. हे वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं, आणि आयुष्यात कुठलंच वाक्य त्यांना इतकं गोड लागलं नव्हतं! पण मग त्यांची नजर त्या पान्यावर गेली, तिथून जावयांवर गेली, आणि ते मटकन स्टुलावर बसले. शिट्टी वाजली नसती तर? थोपटून थोपटून निजवलीच होती की आपण ती!

“मॅडम,” जावई हळूच म्हणाले, “म्हणजे आता... खांब?”

बाईंनी पाना हातात तोलून पाहिला. मग पंखाकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांचे ओठ पहिल्यांदाच जरा सैल झाले. “खांबावर चढवायला विमान मेलेलं लागतं,” त्या म्हणाल्या. “हे तर स्वतःहून शिट्टी मारून मदत मागतंय. सगळे पंख पुन्हा तपासा, हे भोक शिवा, पुढच्या रविवारी मी येते. आणि काका, खडूस माणसालाही कान असतात!”

पुढच्या रविवारी पंखातून काहीही निघालं नाही, डाससुद्धा नाही. जावयांनी म्हातारीला एकट्याने वर नेलं. ती खोकली, थरथरली आणि उडाली. हँगरमधली सगळी म्हातारी पोरं लहान मुलांसारखी रडली, काका सगळ्यांत मोठ्याने. विमान सुखरूप खाली आलं आणि काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

“चला काका!” फोरमनने त्यांच्या हातात चामडी टोपी दिली.

“कुठे?”

“कुठे म्हणजे? मागच्या जागेवर! पहिले पाहुणे तुम्ही! गेल्या रविवारी आल्याआल्या विचारलं नव्हतं का मी, बसाल ना म्हणून? हो, हो म्हणालात की! म्हणून तर टाळ्या वाजवल्या!”

शिडीच्या दुसऱ्या पायरीवर डोळे फिरणाऱ्या माणसाची पाचावर धारण बसली. पण बाई बघत होत्या, सगळे बघत होते, आणि जावई वरून हात देत होते. काकांनी चष्मा, घड्याळ, किल्ल्या डब्यात टाकल्या. मग जरा थांबले. शहाणपण आलेला माणूस, त्यांनी कानातलं यंत्रही काढून डब्यात ठेवलं. काकूंनी डबा छातीशी धरला.

वर गेल्यावर काकांनी डोळे मिटले ते मिटलेच. मध्येच त्यांनी एक डोळा किलकिला केला, तर जावई मागे वळून, हसून काहीतरी विचारत होते. काका सवयीने म्हणाले, “हो, हो!”

पुढच्या क्षणी जमीन डोक्यावर आली आणि आभाळ पायांखाली गेलं.

खाली उतरवलं तेव्हा काका पांढरेफटक पडले होते आणि त्यांचे पाय दोन दिशांना चालत होते. सगळे भोवती जमून आनंदाने तोंडं हलवत होते. काकांनी डब्यासाठी हात पुढे केला. काकूंनी डबा दिला नाही. झाकण घट्ट दाबून त्यांनी एकदा सगळ्या मंडळींवर नजर फिरवली, तपासनीस बाईंना जरा जवळ बोलावलं, आणि काकांच्या डोळ्यांत बघत, गोड हसून विचारलं, “अहो, उद्या आपल्या घरी सगळ्या खिडक्यांना नवे पडदे लावायचे. शिडीवर तुम्ही चढायचं आणि मी खालून डावीकडे-उजवीकडे सांगायचं. कबूल ना?”

“हो, हो!” काका म्हणाले.

मग काकूंनी डबा उघडला.